ठळक अक्षरांतलं नाव

कुमासी शहराच्या टाफो भागातल्या आमच्या आवारात बारा बिऱ्हाडं आहेत, आणि त्या बारांत संगणक पहिल्यांदा कुणाच्या घरी आला तर आमच्या. तो पहिल्यांदा चालू कुणी केला तर मी. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधी सांगून टाकते.

मी सेरवा. तेव्हा मला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. इयत्ता चौथीपासून मी कुमासीत पोकुआ मावशीकडेच राहते, कारण आईची नोकरी दूर खेड्यातल्या शाळेत आहे. पंधराव्या वर्षीच मी आंतरशालेय वादविवादात पहिली आले होते. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणायलाही तोंड उघडत नसे, आणि त्यानंतर मला कुणी थांबवू शकत नसे. मावशी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आलेली. ती म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण शिवून दिलं असतं, पण तेवढं मजबूत कापड कुमासीच्या बाजारात मिळत नाही.

मावशीचा एकुलता एक मुलगा याव बोआदू, म्हणजे माझा बोआदूदादा. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. कॅनडात विनिपेग नावाचं गाव आहे, तिथे चार वर्षांपूर्वी गेलेला. दर दुसऱ्या रविवारी त्याचा फोन यायचा, आणि मावशी इतकी मोठ्याने बोलायची की ते बोलणं बाराही बिऱ्हाडांना ऐकू जायचं. पण फोनवर तिचं कधी समाधान झालं नाही. वेळ संपत आली की ती घाईत नुसते प्रश्न विचारायची, जेवलास का, झोपलास का, चर्चला गेलास का, आणि फोन ठेवला की मग तिला खरं बोलायचं आठवायचं. त्याचं एक पत्र घरात यावं, आपण सावकाश ऐकावं, सावकाश उत्तर द्यावं, एवढीच तिची इच्छा होती. टपालाने पाठवलेली दोन पत्रं कुठे हरवली देव जाणे. म्हणून दादाने संगणक पाठवला.

टेमा बंदरातून खोकं आलं ते जानेवारीत. हरमाटनचे, म्हणजे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचे दिवस, हवेत धूळ, ओठ फुटलेले. खोक्यात संगणकाच्या भोवती दादाने आपले लोकरीचे जाड स्वेटर कोंबले होते, काच फुटू नये म्हणून. सगळे मिळून सहा. मावशीने एकेक नाकाशी धरला आणि घडी करून आपल्या पलंगावर ठेवला. संगणकाला तिने चर्चच्या कपड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून झालरीचं आच्छादन शिवलं. पडद्याला वेगळं, पेटीला वेगळं, कळफलकाला वेगळं.

आणि खोक्याच्या तळाशी दादाच्या हस्ताक्षरातला कागद होता. माझ्या नावाने. एक ते बावीस आकडे घातलेले. पहिलंच कलम: घाबरू नकोस, तो चावत नाही. चौथं: टेलिफोनची तार काढून चित्रात दाखवलंय तिथे खुपस, आणि आईला आधी सांग की तू पत्रं बघत असशील तेवढा वेळ फोन लागणार नाही. नववं: आता तो नाव विचारेल, आईची सगळी नावं घालू नकोस, जागा पुरणार नाही.

मी एका शनिवारी सकाळी खातं उघडायला बसले. मावशी शेजारी स्टुलावर. तिचे गुडघे दुखतात, तरी उठायला तयार नाही.

नववं कलम मी तिला वाचून दाखवलं आणि तिला राग आला. माझी नावं मला कुणी फुकट दिली नाहीत, म्हणाली. शनिवारी जन्मली म्हणून अमा, आजीची पोकुआ, चर्चची कम्फर्ट, आणि गेलेल्या नवऱ्याचं आडनाव, शिवाय महिला मंडळाची खजिनदार, हेही घाल. मी सांगितलं की चौकोन दोनच आहेत. शेवटी अमा पोकुआवर तह झाला.

मग यंत्राने जन्मतारीख विचारली. ती मावशीला माहीत नव्हती. गावच्या बाजारातलं मोठं झाड पडलं त्या वर्षी, पिकाच्या आधी, असं तिची आई सांगायची. मी म्हटलं काहीतरी टाकते, यंत्राला काय कळतंय. त्यावर ती म्हणाली काहीही टाक, पण तो शनिवार असला पाहिजे, नाहीतर मी अमा कशी. म्हणून मी संगणकातलंच कॅलेंडर उघडलं, मागे मागे जात राहिले आणि झाड पडल्याच्या अंदाजाने तिला एक शनिवार शोधून दिला. तिला तो इतका आवडला की तिने तारीख पाठ केली.

मग पासवर्ड. कागदावर लिहिलं होतं, घरातल्यांची नावं वापरू नकोस. मावशीने ते ऐकूनच घेतलं नाही. ती शाळेत कधी गेली नव्हती, पण एक शब्द तिला यायचा. दादा लहानपणी शाळेत सदरे हरवून यायचा, तेव्हा तिने मास्तरांकडून त्याचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि लाल दोऱ्याने त्याच्या प्रत्येक कॉलरच्या आत घातलं. अकरा वर्षं. पाच इंग्रजी अक्षरं. ती पाच अक्षरं ती डोळे मिटून काढू शकायची. तिने कळफलकावर एकेक अक्षर शोधलं आणि एका बोटाने दाबलं. पडद्यावर पाच चांदण्या उमटल्या. ती म्हणाली, ही तर टाचण्यांची रांग झाली.

यंत्र म्हणालं, सहा अक्षरं लागतात.

"मग शेवटी गाठ मार," मावशी म्हणाली. "टाका संपला की गाठ मारतात."

मी पूर्णविराम दिला. चाललं.

खातं उघडलं तेव्हा आत एक पत्र आधीच बसलेलं होतं. खातं देणाऱ्या कंपनीचं, स्वागताचं. त्याची ओळ ठळक काळी होती. मी त्यावर टिचकी मारली, मागे आले, तर ओळ बारीक झालेली. मी मावशीला शाळेतल्या बाईंच्या थाटात समजावून सांगितलं: पत्र कुणी वाचलेलं नसेल तर ओळ जाड असते, वाचलं की बारीक होते. तिने मान डोलावली. म्हणजे उष्टं झालं की कळतं, म्हणाली. चांगली सोय आहे.

मग आम्ही दादाला पहिलं पत्र लिहिलं. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेले. शेजारच्या बकरीने खजिनदारबाईंची, म्हणजे तिचीच, टोपी कशी खाल्ली. सेरवा कशी दिवसभर बोलते. 'सगळे जाड स्वेटर इकडे पाठवलेस, आता तिकडे काय घालतोस, झालर?' या वाक्यावर ती स्वतःच इतकी हसली की खोकली. मागच्या फोनवर दादा म्हणाला होता की तिकडच्या थंडीत तहानच लागत नाही, पाणी प्यायचं राहून जातं. म्हणून तिने पाण्यावर एक अख्खा परिच्छेद सांगितला. मी पाठवलं. पाठवल्यावरही उठले नाही, संध्याकाळपर्यंत काही ना काही बघत राहिले. आख्ख्या जगाची दारं उघडी होती आणि किल्ली माझ्याकडे होती. टेलिफोनची तार दिवसभर संगणकातच राहिली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मावशीची मंडळाची बैठक होती. मी धावत घरी आले. तार खुपसली, ती किरकिर, शिट्टी, खरखर सगळं ऐकलं, टाचण्यांची रांग घातली. आत दोन ओळी होत्या. एक बारीक, कंपनीची. तिच्या वर एक ठळक. दादाचं नाव, दादाच्या पत्त्यावरून.

मी खुर्चीवरून उठून एक गिरकी घेतली. थांबावं, मावशी आल्यावर तिच्यासमोर उघडावं, असं एक मन म्हणालं. पण एकदा आधी वाचून ठेवलं तर तिला छान चढउतार करून ऐकवता येईल, असंही वाटलं. मी टिचकी मारली.

पहिलं वाक्य होतं: मी याव बोआदू नाही.

लिहिणारा सेलोर्म म्हणून होता, दादाच्या खोलीत राहणारा, आपल्याच देशातला, वोल्टा नदीपलीकडचा. त्याने लिहिलं होतं, हे वाचणारे तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, तुमचं पत्र यावच्या पत्रांच्या डब्यात आलेलं आत्ता पाहिलं म्हणून लिहितोय. कृपा करून घरातल्या कुणातरी मोठ्या माणसाला बोलवा आणि मगच पुढचं वाचा; तुमचं उत्तर येईपर्यंत मी आता फोन करत नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं. घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, मीच मोठी. मी पुढे वाचलं.

दादाला न्यूमोनिया झाला होता. चार दिवस इस्पितळात होता. आईला प्रेशर आहे, तिला कळवू नको, बरा झालो की मीच सांगेन, असं त्याने सेलोर्मला बजावलं होतं. शुक्रवारी रात्री तो गेला. शेवटी लिहिलं होतं की काल सकाळपासून मी घरचा नंबर लावत होतो, पण तो सारखा गुंतलेला येत होता.

ते वाक्य मला अजूनही पाठ आहे. ते पाठ करावं लागलं नाही.

मी तार काढून टेलिफोनला परत लावली, जणू आता तरी तो वाजेल. मग अमोआको मामांकडे चालत गेले. ते मावशीचे भाऊ, म्हणजे आमच्या घरात शब्द त्यांचा. रविवारी ते झाडाखाली सोंगट्या खेळत बसतात. मला पाहून म्हणाले, आली रेडिओ. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं, सोंगट्या तशाच ठेवल्या आणि मला भिंतीआड घेऊन गेले.

मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. मग ते तिथेच विटांच्या ढिगावर बसले. त्यांनी हाताने डोळे झाकले. हात काढला तेव्हा त्यांचा आवाज कुटुंबप्रमुखाचा होता.

"सेरवा, ही बातमी तू आणलेली नाहीस. तू आज माझ्याकडे आलीच नाहीस."

मी म्हटलं, पण मामा, मावशी घरी येईल आणि विचारेल.

"आईला मुलाचं असं उभ्याउभ्या सांगत नाहीत. पोराटोरांच्या तोंडून तर नाहीच. तिला बसवायचं असतं, सगळ्यांचं पाणी पिऊन व्हायचं असतं, थोर माणसं समोर असावी लागतात. मला गावी जाऊन आपल्या घराण्यातल्या थोरल्या नानांना आणायला हवं. बुधवारी पहाटे आम्ही येतो. तोवर तू रोज असतेस तशीच राहा. बडबड कर."

वादविवादात मला दोन्ही बाजूंनी बोलता यायचं. त्या दिवशी मामांच्या विरुद्ध एक मुद्दा सुचला नाही.

त्या संध्याकाळी मावशीने विचारलं, पत्र आलं का. मी सांगितलं, लाईन मिळाली नाही. मग बडबड करायचा प्रयत्न केला. बकरीचं काहीतरी सांगू लागले आणि मध्येच थांबले, पुढचं आठवेना. मावशीने कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा पुढे सरकवला. मी म्हटलं, शाळेत खाल्लंय. रविवारी शाळा नसते, हे माझ्या लक्षात आलं ते अंथरुणावर पडल्यावर.

सोमवारी मी शाळेतून आले तर मावशीने तिन्ही झालरी काढून ठेवल्या होत्या आणि स्टूल शेजारी मांडलं होतं. टाळण्यासारखं काही सुचलं नाही. मी तार खुपसली. टाचण्या मी घातल्या, गाठ तिने मारली. डबा उघडला. दोन ओळी, दोन्ही बारीक. नवीन काही नाही हे पाहून मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटल्यासारख्या वाटण्याची लाज वाटली.

मावशी पुढे वाकली. पडद्यावर हरमाटनची धूळ बसली होती. तिने लुगड्याच्या टोकाने ती पुसली, हळूहळू, एकाच जागी, वरच्या ओळीवर. टोक फिरत राहिलं.

"काही आलंय का?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

ती तशीच वाकलेली राहिली. गुडघे दुखत असतील म्हणून मी तिला बस म्हटलं. ती बसली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरं," म्हणाली. "मग आपणच लिहू."

पहिल्या पत्रासारखं ते पत्र नव्हतं. ती घाई करत नव्हती, हसवत नव्हती. एक वाक्य सांगायची, मी लिहून होईपर्यंत थांबायची, मग पुढचं. तू सात वर्षांचा असताना माझी कात्री हरवली म्हणून तुला मारलं, ती नंतर माझ्याच पेटीत सापडली, तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. तुझे वडील गेले तेव्हा तू माझ्याजवळ झोपायला आलास आणि म्हणालास की मी घोरलो तर उठव, ते मी विसरलेले नाही. नव्या जागी गेलास की तिथल्या थोरांना आधी नमस्कार कर, आपण कुणाचे कोण हे नीट सांग, म्हणजे आपली माणसं सापडतात.

मला वाटलं, दादा घर बदलणार असं मागच्या फोनवर बोलला असेल. खरंच तसंच वाटलं. माझं सगळं लक्ष कळफलक ओला होऊ न देण्याकडे होतं. मी मान खाली घालून लिहीत होते आणि नाक ओढायची वेळ आली की धुळीला नावं ठेवत होते. मावशीही म्हणाली, हो, यंदा धूळ फार आहे.

पत्र पूर्ण झालं. पाठवायचं बटण समोर होतं. त्या पत्त्यावर आता कोण आहे, ते मला माहीत होतं. मावशीचं बोलणं एका अनोळखी माणसाच्या हातात जाणार होतं. न पाठवता 'पाठवलं' म्हणणं सोपं होतं, तिला कुठे वाचता येत होतं. पण आदल्या संध्याकाळपासून मी तिच्याशी इतकं खोटं बोलले होते की आणखी एक खोटं उचलवेना. मी बटण दाबलं.

मंगळवारी पुन्हा. या वेळी पत्र अगदी छोटं होतं. तिने आधी दादाच्या एका स्वेटरची घडी मांडीवर घेतली. मग म्हणाली, लिही, रागावलेले नाही मी. स्वेटरांचंही नाही. आवारात कुणीतरी फुफू कुटत होतं, मुसळाचे ठोके येत होते. मला वाटलं संपलं, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"थांब. शेवटी एवढं विचार. तुला पाणी कुणी दिलं का, ते कळव म्हणावं."

मी लिहिलं. ते थंडीतल्या तहानेचंच पुढे चालू आहे, असं मला वाटलं. त्या दोन दिवसांत मला जे जे वाटलं ते सगळं चुकीचं होतं.

बुधवारी पहाटे मी झाडणीच्या आवाजाने जागी झाले. मावशी अंगण झाडून होत आली होती. तिने आंघोळ केलेली, अंगावर जुनं गडद निळं कापड, कानात काही नाही, गळ्यात काही नाही. बैठकीच्या खोलीत बाकं भिंतीला लावलेली आणि तबकात पाण्याचे पेले भरून ठेवलेले, वर जाळीचा रुमाल. मी ते पेले पाहत दारात उभी राहिले. ती म्हणाली, तोंड धुऊन घे, पाहुणे येतील.

ते आले. अमोआको मामा, गावाहून आलेले म्हातारे नाना, काठी टेकत, आणि घराण्यातल्या दोन बायका. सगळ्यांनी उजव्या बाजूने सुरुवात करून हात मिळवले. बसले. मावशीने स्वतः पाणी फिरवलं. प्रत्येकाने प्यायलं, पेल्याच्या तळाशी उरलेले थेंब उंबऱ्याबाहेर टाकले. मग ती बसली आणि रोजच्या पाहुण्यांना विचारतात तसंच तिने विचारलं.

"इथे सगळं शांत आहे. वाट तुम्ही चालून आलात. सांगा."

नानांनी मामांकडे पाहिलं. मामांनी घसा साफ केला. फिरवून, लांबून, जसं बोलायचं असतं तसं ते बोलले. लांबच्या गावी गेलेला एक प्रवासी, त्याच्या छातीत थंडी बसली, वैद्यांनी हात लावले, पण प्रवासी म्हणाला की मी आता पुढेच जातो. बायकांनी तोंडाला पदर लावले. मावशीकडे दोघीही सरकल्या, ती कोसळली तर धरायला.

मावशी कोसळली नाही. तिचे हात मांडीवर होते, तळवे वर.

"हे मला सोमवारी कळलं," ती म्हणाली. "त्या काचेवर माझ्या मुलाचं नाव होतं. ओळ बारीक होती, म्हणजे वाचून झालेली. आणि ही पोर म्हणाली, काही आलं नाही. ही, जिला शेजारणीच्या बकरीचं पत्र आलं असतं तरी आवार डोक्यावर घेतलं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. ओळ पुसून टाकायची मला अक्कल सुचली नव्हती असं नाही. रविवारीच सुचली होती. पण दादाचं नाव पुसायला बोट उचललं नाही.

नाना म्हणाले, दोन दिवस तू एकटीने हे धरून बसलीस?

"तुम्ही आला होतात कुठे? तुम्ही यायच्या आधी मी रडले असते तर त्याला चोरून पाठवल्यासारखं झालं असतं. माझा मुलगा काही कुणाच्या घरातून पळून गेलेला नाही." मग ती मामांकडे वळली. "मला एकच सांगा. पाणी कुणी दिलं?"

मामांनी मान खाली घातली. नानांनी काठीवरची मूठ बदलली. तेव्हा कुठे मला कळलं की मंगळवारी मी काय लिहिलं होतं. माणूस जातो तेव्हा जवळच्याने त्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं, पुढची चढण उभी असते म्हणून. कोरड्या घशाने निघालेला माणूस वाटेत बसून राहतो, असं आजी सांगायची आणि मी अर्धवट ऐकायची. एवढ्यासाठी मावशी थांबली होती. माझ्यामार्फत तिने दोनदा पत्र पाठवलं होतं, आणि त्यातला प्रश्न हा एकच होता.

मोठ्यांच्या बैठकीत मुलांनी बोलायचं नसतं. मी नुसती उठले, टेलिफोनची तार काढली आणि संगणकात घातली.

त्या यंत्राची किरकिर आणि शिट्टी त्या खोलीत इतकी मोठी वाटली की एका बाईने कान झाकले. मामा उठू लागले. नानांनी काठी आडवी धरून त्यांना थांबवलं. टाचण्यांची रांग घालताना माझ्याकडून दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मावशी उठून आली आणि शेवटची गाठ तिने दाबली.

तीन ओळी होत्या. सगळ्यात वरची ठळक. तेच नाव.

"वाच," नाना म्हणाले.

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलेलं होतं, मी वाचता वाचता आपल्या बोलीत सांगत गेले. सेलोर्मने लिहिलं होतं की तुमची नंतरची दोन्ही पत्रं मी वाचली, दुसऱ्याच्या आईची पत्रं वाचल्याबद्दल माफ करा. त्यातल्या पहिल्या पत्राची मी कागदावर प्रत काढली आहे. त्याला उद्या नीट कपडे घालणार आहेत, तेव्हा ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवीन. कात्रीचं त्याला कळलं पाहिजे.

आणि पाणी. नर्स म्हणाली होती की नुसते ओठ ओले करा, गिळता येणार नाही. पण आमच्याकडेही देतात. ती बाहेर गेल्यावर मी चमच्याने दिलं. तीन चमचे. पहिला बाहेर आला, दुसरा आणि तिसरा आत गेला. मी त्याचं नाव घेतलं, तुमचं नाव मला माहीत नव्हतं म्हणून नुसतं 'आई देतेय' म्हटलं.

मी थांबले. पुढे फक्त त्याची सही होती.

मावशीने विचारलं, "किती गेले आत?"

"दोन."

"दोन," ती म्हणाली. तिने बाकावर बसलेल्यांकडे वळून ते पुन्हा सांगितलं, जणू त्यांनी ऐकलं नव्हतं. मग तिने डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती रडली. मी असं रडणं कधी ऐकलं नव्हतं. बाराही बिऱ्हाडांचे दरवाजे उघडले. तिला कुणी गप्प केलं नाही. दोन दिवसांचं होतं ते, आणि आता त्याला परवानगी होती.

दुपारपर्यंत आवार दुखवट्याच्या लाल आणि काळ्या कपड्यांनी भरलं. भाड्याच्या खुर्च्या आल्या, छत आलं. मी पाण्याचं तबक फिरवत होते. कुणीतरी म्हणालं, पोर किती गुणाची, तोंडातून शब्द नाही. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

संध्याकाळी मावशीने मला खोलीत बोलावलं. ती पलंगावर बसलेली, स्वेटर मांडीवर, आवाज पार बसलेला. संगणकावर झालरी परत घातल्या होत्या.

"ती ओळ," तिने विचारलं. "आता बारीक झाली असेल."

मी म्हटलं, हो, सगळ्यांसमोर वाचली ना.

"परत जाड करता येते का?"

दादाच्या बावीस कलमांत ते नव्हतं. पण शनिवारी दिवसभर मी सगळी बटणं दाबून पाहिली होती, तेव्हा तेही सापडलं होतं. मी म्हटलं, येते.

"मग कर. त्याचं नाव तसंच राहू दे. उष्टं नको."

मी पडद्यावरची झालर काढली. तार खुपसायच्या आधी टेलिफोन उचलून कानाला लावला, कुणी बोलायचा प्रयत्न करतंय का ते पाहायला. नुसता घूं आवाज होता. मग मी आत गेले आणि दादाच्या नावाची दोन्ही पत्रं, एकेक करून, न वाचलेली करून टाकली.